कळंबचा ठिपका

गेनू,

तुझा चेहरा माझ्यासमोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर आहे आणि मी सकाळपासून माउसवर हात ठेवून नुसता बसलो आहे. परवा तुझा दहावा. तुझ्या गावी, डिंगोऱ्याला ठेवायला तुझा मोठा फोटो हवा आणि तो मीच करणार, हे कुणी मला विचारलंसुद्धा नाही. विचारायचं काय? या भागातली गेलेली माणसं शेवटी माझ्याच हाताखालून भिंतीवर जातात. ज्याने जन्मभर बंडीशिवाय अंगात काही घातलं नाही त्याला मी कोट चढवतो, कुणाचा फेटा सारखा करतो, कुणाच्या मागचं गोठ्याचं दार पुसून तिथे निळं आभाळ आणतो. घरचे फोटो बघतात, डोळे टिपतात आणि म्हणतात, अगदी जिवंत वाटतात. ते जिवंतपणी असे कधीच दिसत नव्हते, हे मी बोलत नाही.

तुझ्या फोटोबद्दल तुझ्या बहिणीने, म्हणजे माझ्या बायकोने, एवढंच सांगितलं, "सोच्छ करा. माझा भाऊ लई सोच्छ माणूस व्हता." एवढं बोलून हौसा आत गेली आणि तिने भांडी घासायला काढली, घासलेलीच भांडी.

फोटो तसा चांगला आहे. माझ्याच स्टुडिओत, माझ्याच स्टुलावर बसवून मी काढलेला, आता जुन्या प्रिंटवरून स्कॅन करून घेतलेला. तू हसत नाहीस, पण हसायच्या बेतात आहेस. फक्त डाव्या कानाच्या खाली, जबडा जिथे वळतो तिथे, एक बारीक काळा ठिपका आहे. तो तुझा तीळ आहे की धूळ, मला कळत नाही. दुसऱ्या कुणाचा फोटो असता तर हा प्रश्नच आला नसता. एक क्लिक केलं की संपलं. पण आपण दोघं एका ठिपक्यावरून वर्षानुवर्षं भांडलेली माणसं. तुझ्या चेहऱ्यावरचा ठिपका मी असाच कसा पुसू?

पडद्याकडे फार वेळ पाहिलं की चेहरा विरत जातो. आधी कान जातो, मग कपाळ, मग सगळे नुसते बारके बारके करडे कण उरतात. मी डोळे चोळतो आणि तू पुन्हा जमून येतोस.

जुन्नरच्या बोर्डिंगात आपण एका खोलीत राहत होतो तेव्हा तू गेन्या होतास आणि मी शांत्या. पुढे मी तुझ्या बहिणीशी लग्न केलं, आणि चारचौघांत तू मला दाजी म्हणायला लागलास, मी तुला पावणं. दोघंच असलो की पुन्हा गेन्या आणि शांत्या. तू शिकत गेलास, मुंबईला प्रयोगशाळेत लागलास, तिथे एकटाच राहिलास. मी कळंबला हायवेच्या कडेला फोटो स्टुडिओ टाकला. तुझं काम काय ते डिंगोऱ्यात कुणालाच नीट उमगलं नाही. अणूचं आहे म्हटल्यावर लोक बॉम्बच धरून चालले. मयतीलासुद्धा मागे कुजबुज चालली होती की गेनू किरणांनी गेला. माझं डोकंच फिरलं. हार्टने गेलास तू, तुझ्या वडलांसारखा. आणि किरण कुठले? तरुणपणीची थोडी वर्षं सोडली तर तू पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसणारा माणूस. मी त्या लोकांना म्हणालो, याच्या कपड्यांवर माझ्या डार्करूमच्या केमिकलचे डाग जास्त होते. त्यांना पटलं नसावं.

मला तरी कुठे पहिल्या झटक्यात कळलं होतं? तू सांगितलंस ते डिंगोऱ्याच्या वरच्या माळावर. थंडीचे दिवस होते, सकाळ उलटून गेली तरी खाली गावावरचं धुकं निघालं नव्हतं. तुझ्या चुलत्यांनी तेव्हाही मेंढरं ठेवली होती. ती समोरच्या उतारावर पसरली होती आणि आपण दोघं दगडावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो. तू गळ्याला मफलर गुंडाळून घेतला होतास. थंडी असो नसो, तो तुझ्या गळ्यात असायचाच. मी म्हणालो, गेन्या, एकदा नीट सांग की तू करतोस काय.

तू शेंग बाजूला ठेवलीस. म्हणालास, माणसाच्या आत काय बिघडलंय ते बघायला डॉक्टरांना एक औषध लागतं. ते अंगात गेलं की थोडा वेळ आतून उजेडासारखं काहीतरी सोडत राहतं, डोळ्यांना न दिसणारं, आणि एक यंत्र ते टिपतं. हे औषध खाणीत सापडत नाही, करावं लागतं. एका धातूवर दुसऱ्या अणूंचे बारके कण जोरात मारायचे, की त्यातले काही अणू बदलतात आणि त्यांचं आयोडीन होतं. पण कण किती जोरात मारला यावर सगळं आहे. कमी जोरात मारला तर एक आयोडीन होतं, थोड्या जास्त जोरात मारला तर दुसरं, आणखी जोरात मारला तर तिसरंच. आपल्याला हवं मधलं. पहिलं त्यात मिसळलं तर चित्र धुरकट येतं, आणि पेशंटच्या अंगात ते उगाच रेंगाळत बसतं.

मी म्हणालो, म्हणजे एक्स्पोजरच. कमी दिलं तर काळं, जास्त दिलं तर जळून पांढरं.

तू म्हणालास, तसं म्हण. पण तुझं चुकलं तर गिऱ्हाईक परत येतं आणि तू दुसरा फोटो काढतोस.

मग तू सांगितलंस की किती जोर दिला की किती आयोडीन मिळतं, हे जगात वेगवेगळ्या ठिकाणी मोजून ठेवलेलं आहे. प्रत्येकाने आपापले ठिपके कागदावर मांडलेत. पण एकाचे ठिपके दुसऱ्याशी जुळत नाहीत. कुणाचा पत्रा जाड, कुणाचं यंत्र जुनं, कुणाची मोजणी कच्ची. ते सगळे ठिपके समोर घ्यायचे, कुणावर किती विश्वास ठेवायचा ते ठरवायचं आणि सगळ्यांमधून एक रेषा काढायची. ती बघून औषध करणारे ठरवणार, जोर कुठून कुठपर्यंत ठेवायचा. त्या मधल्या जागेला तू खिडकी म्हणायचास. जन्मभर तू त्या खिडकीची चौकट बसवत होतास.

समोर उतारावरची मेंढरं तेव्हा अगदी ठिपक्यांसारखी दिसत होती. एक मेंढरू कळप सोडून पार लांब, खडकापाशी उभं होतं. मी बोट दाखवून म्हणालो, ह्याचं काय करायचं? रेषा तर त्याला सोडूनच जाणार. मग तुझ्या वडलांचं सांगितलंस. "आमचं आबा म्हनायचं, मेंढरू लांब उभं ऱ्हायलं तर लगेच दगड हानायचा न्हाई. आधी जाऊन बघायचं, का उभंय." आणि खरंच उठलास, मफलर सारखा केलास आणि चालत गेलास. धुक्यात तू लहान लहान होत गेलास. मेंढराच्या पायात काटा होता म्हणून तू सांगितलंस. मी काही पाहायला आलो नव्हतो, त्यामुळे खरं-खोटं तुझं तुला ठाऊक.

ते सगळं मला आता असं आठवतं की मी ते पाहिलं होतं की नंतर मनात रचलं, ते सांगता येत नाही. धुकं मात्र नक्की होतं.

त्यानंतर तू मला कामाला लावलंस. जुन्या लोकांनी आपले आकडे छापलेच नव्हते, नुसती आलेखाची चित्रं छापली होती, आगपेटीएवढी. मोजणारे म्हातारे होऊन गेलेले. त्या बारक्या चित्रावरून पट्टी लावून एकेक ठिपका वाचायचा तर डोळे फुटायची वेळ. म्हणून तू ती चित्रं कळंबला आणायचास. मी त्यांची फिल्म काढायचो आणि डार्करूममध्ये थाळीएवढे मोठे प्रिंट करायचो. लाल दिव्याखाली आपण दोघं ट्रेवर वाकून उभे असायचो. पांढऱ्या कागदावर आधी काहीच नसायचं. मग पाण्याखालून हळूच एक ठिपका वर यायचा, त्याच्या शेजारी दुसरा, मग एकदम सगळे, आणि कागदावर टेकडी उभी राहायची. तू दर वेळी श्वास रोखून धरायचास. मी म्हणायचो, राव, लग्नाच्या फोटोत नवरी वर येताना मी एवढा बघत नाही.

एकच गोष्ट तू पहिल्या दिवशी बजावली होतीस. कुठल्याही ठिपक्याला हात लावायचा नाही. मला सवय होती. फिल्मवर बारीक भोक दिसलं की लाल रंगाचा थेंब लावून मी ते बुजवायचो, नाहीतर प्रिंटवर तिथे काळा ठिपका उठतो. ते भोक कशाने पडतं? धुळीने. हायवेवरून ट्रक गेला की माझ्या स्टुडिओत धूळ यायचीच. कॅमेऱ्याच्या आत कण गेला, फिल्मवर बसला, की तेवढी जागा कोरी राहते. मी तुला म्हणालो, भोकं तरी बुजवू का? तू म्हणालास, नको, तू भोक समजून माझा एखादा प्रोटॉन बुजवशील. बरं, म्हटलं. तुझं काम, तुझा हुकूम.

आणि मग तो ठिपका आला. एका जुन्या चित्रात, खिडकीच्या अगदी काठावर, सगळ्यांपासून वेगळा, वर. त्याच्यावर विश्वास ठेवला तर नको असलेलं आयोडीन वाटलं होतं त्यापेक्षा जास्त होत होतं, आणि खिडकी अरुंद करावी लागणार होती. तुझ्याबरोबरचे म्हणाले, एकटा आहे, सोडून दे. तू सोडेनास. त्याच्यासाठी तू रेषा पुसून पुन्हा काढलीस. एक अख्खा पावसाळा तू त्याच्यापायी घालवलास. इकडे आलास की जेवता जेवता हात थांबायचा. हौसा विचारायची, दादाला काय झालंय. मी सांगायचो, एक मेंढरू लांब उभं आहे.

शेवटी तू ज्या पुस्तकातून ते चित्र आलं होतं ते मूळ पुस्तक शोधून काढलंस आणि भिंग लावून पाहिलंस. दिवाळीच्या आधी एका दुपारी तू कळंबला उतरलास. पाणीसुद्धा न घेता पिशवीतून माझा प्रिंट काढून काउंटरवर ठेवलास, त्यावर बोट टेकवलंस आणि म्हणालास,

"शांत्या, ह्यो ठिपका तुझा हाय."

मूळ चित्रात तिथे काहीच नव्हतं. ती कळंबची धूळ होती. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या कुठल्यातरी ट्रकने उडवलेला एक कण जगातल्या मोठ्या मोठ्या प्रयोगशाळांच्या रांगेत जाऊन बसला होता, आणि तू त्याच्यासाठी जागा करत होतास. मी इतका हसलो की बाकड्यावर बसलेलं गिऱ्हाईक उठून गेलं. मग म्हणालो, माझा कसा? मी भोक बुजवत होतो, तूच हात धरलास. ठिपका तुझा. तू म्हणालास, धूळ कुणाच्या कॅमेऱ्यात होती? मी म्हणालो, हुकूम कुणाचा होता?

हे भांडण आपण कधी संपवलंच नाही. हौसाच्या पंगतीत, तुझ्या आईच्या वर्षश्राद्धाला, मंचरच्या बाजारात, कुठेही. तू कळंबला उतरलास की पहिला प्रश्न, कबूल का? माझं उत्तर, तू कबूल हो. पण एवढ्या भांडणात एक गोष्ट तू चेष्टेत कधी घेतली नाहीस. मी एकदा म्हणालो होतो, बघ, सोबतचे लोक बरोबर होते, पहिल्याच दिवशी पुसला असतास तर पावसाळा वाचला असता. तू म्हणालास, कुठून आला ते कळलं म्हणून पुसला. रेषा बिघडवतो म्हणून नाही. मला तेव्हा वाटलं होतं, काय फरक पडतो? पुसलाच ना शेवटी.

फरक मला पुण्याच्या दवाखान्यात कळला.

हौसाच्या गळ्याला गाठ आली होती. गिळताना दुखत नव्हतं, पण हाताला लागायची. डॉक्टरांनी थायरॉईडचा स्कॅन सांगितला आणि तू रजा काढून आलास. दंडात सुई दिली, थोडा वेळ बसवलं आणि तिला एका कॅमेऱ्याखाली निजवलं. असा कॅमेरा मी जन्मात पाहिला नव्हता. भिंग नाही, फ्लॅश नाही. उजेड पेशंटकडून येणार आणि कॅमेरा नुसता वाट बघणार. तिथल्या माणसाशी तुझी ओळख निघाली, म्हणून आपल्याला काचेमागे उभं राहू दिलं. मी हळूच विचारलं, हे तुझंच का? तू म्हणालास, "न्हाई. हे अणुभट्टीतलं. आमचं यायला अजून टाइम हाय." आणि मला सांगत बसलास की हे औषध शिशाच्या एका जड डब्यातून रोज सकाळी काढतात, आणि तिथली माणसं त्या डब्याला गाय म्हणतात. मला धीर यावा म्हणून तू बोलत होतास, हे मला कळत होतं.

पडदा काळा होता. मग एक ठिपका आला. शेजारी दुसरा. माझ्या ट्रेमध्ये यायचे तसेच, पण इथे घाई नव्हती. ठिपके पडत राहिले, कुठे दाट, कुठे विरळ, आणि त्यांचं हळूहळू फुलपाखरू झालं. हौसाच्या गळ्यात एक फुलपाखरू आहे हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. काचेपलीकडे ती डोळे मिटून निजली होती आणि अलीकडे ती ठिपक्याठिपक्यांनी उमटत होती. मला वाटलं, मी झोपेत आहे आणि कुणी हाक मारली तर हे सगळं विझेल.

फुलपाखराचा एक पंख भरला. दुसऱ्या पंखात खालच्या बाजूला एक जागा काळीच राहिली. सगळीकडे ठिपके पडत होते, तेवढ्या जागेत पडत नव्हते. मी धंद्यातला माणूस. माझा हात आपोआप खिशातल्या ब्रशकडे गेला. तेवढी जागा भरून टाकावी, पंख सारखा करावा. मी तुझ्या कानाशी म्हणालो, मशीनची चूक असेल ना? धूळ असेल. तू म्हण की धूळ आहे.

तू पडद्यावरून नजर काढली नाहीस. तुझी तर ती बहीण. तू म्हणालास, "धूळ न्हाई, शांत्या. तिथं कायतरी हाय. काय हाय ते मला ठावं न्हाई."

त्या क्षणी मला तुझा राग आला. दोन शब्द गोड बोलला असतास तर काय बिघडलं असतं? पण पुढचे दिवस, गाठीतून सुईने काढलेलं तपासायला गेलं होतं तेव्हा, मला त्याच वाक्याचा आधार वाटला. सगळे सांगत होते काही नाही, काही नाही. तू एकटा म्हणालास, काय आहे ते माहीत नाही. आणि म्हणून, गाठ साधी आहे, काढली की संपलं, हे तूच फोनवर सांगितलंस तेव्हा मी ताबडतोब विश्वास ठेवला. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी आणखी दहा जणांना विचारत फिरलो असतो. त्या काळ्या जागेवर चित्र धुरकट आलं असतं तर डॉक्टरला ती दिसलीच नसती. तू एका ठिपक्यासाठी पावसाळा का घालवलास ते मला तिथे कळलं. हे मी तुला सांगायला हवं होतं. भांडणाच्या नादात राहून गेलं. आता सांगतो. तुझे उपकार आहेत माझ्या घरावर, गेनू.

हा फोटो त्यानंतरचाच. हौसाला घरी आणलं, गळ्याला पट्टी होती, ती आत झोपली होती. तू परत निघाला होतास, बसला वेळ होता. मी म्हणालो, पावणं, बसा स्टुलावर, जुन्या कॅमेऱ्यात एक फिल्म शिल्लक आहे. तू नको नको म्हणालास. मी बळेच बसवलं आणि मफलर काढायला लावला. मफलरशिवाय तू उघडा पडल्यासारखा दिसत होतास. म्हणालास, काढ लवकर, गळ्याला वारं लागतं. आणि हसायच्या बेतात होतास तोच मी बटण दाबलं.

आता बघ माझी पंचाईत. एनलार्जरवरची, म्हणजे प्रिंट मोठा करायच्या यंत्रातली, धूळ प्रिंटवर पांढरी उमटते, हे मला ठाऊक आहे. हा ठिपका काळा आहे. म्हणजे एकतर कॅमेऱ्यातला कण, नाहीतर तुझा तीळ. निगेटिव्ह भिंगाखाली धरली असती तर क्षणात कळलं असतं. पण त्या वर्षांच्या सगळ्या निगेटिव्हना बुरशी लागली आणि मी त्या कधीच टाकून दिल्या. तुझे दुसरे फोटो शोधले. आहेत थोडे. सगळ्यांत मफलर. ओळखपत्रावर तू समोर बघतोस, कानाखालची बाजू दिसत नाही.

आणि तू स्वतः? मी तुला शेवटचं पाहिलं डिंगोऱ्याच्या अंगणात. गाडी मुंबईहून आली, बायकांनी हंबरडा फोडला, मी पुढे झालो. कपाळावर गुलाल होता. शाल हनुवटीपर्यंत ओढलेली होती आणि कुणीतरी, बहुतेक हौसानेच, गळ्याशी तुझा मफलर नीट गुंडाळून दिला होता. मी तुझा चेहरा पाहिला. पण पाहून ठेवावा म्हणून पाहिला नाही. जन्मभर लोकांचे चेहरे बघून पोट भरलं आणि माझ्या मित्राच्या कानाखाली तीळ होता की नव्हता, ते मला सांगता येत नाही. याचं मला किती वाईट वाटतं ते मी कुणाला सांगू? तुलाच सांगायचं होतं.

आज जेवण झाल्यावर जरा डार्करूममध्ये टेकलो. आता तिथे रिकामी खोकी आणि लग्नाच्या मांडवाचे जुने पडदे आहेत. कॉम्प्युटर आल्यापासून त्या खोलीत लाल दिवा लागलेला नाही. डोळा लागला, आणि दिवा लागला. तू ट्रेवर वाकून उभा होतास. पाण्यात कोरा कागद होता. मी म्हणालो, बरं झालं आलास, मफलर काढ बरं जरा. तू वर पाहिलं नाहीस. म्हणालास, थांब, येतंय वर. मी तुझ्या गळ्याकडे हात नेला. लोकर हाताला लागली, जरा ओलसर, माळावरच्या धुक्यासारखी. मी विचारलं, गेन्या, हा ठिपका कुणाचा? तू म्हणालास, "मूळ बघ की."

बाहेर ट्रकने हॉर्न दिला आणि मी जागा झालो. हात पडद्याच्या कापडावर होता. मूळ बघ म्हणतोस. कुठे जाऊन बघू आता?

संध्याकाळी हौसा चहा घेऊन आली. खुर्चीमागे उभी राहून पडद्याकडे बघत राहिली. मी तो भाग मोठा केला, तुझा कान आणि जबडा सगळ्या पडद्याएवढा, आणि विचारलं, दादाला इथे तीळ होता का गं? ती वाकली. तिचा हात नकळत स्वतःच्या गळ्यावर गेला, ऑपरेशनची बारीक रेघ आहे तिथे. लहानपणी तिने तुझ्या डोक्याला तेल चोळलेलं, पाठीवर बसून ओढा ओलांडलेला. ती म्हणाली, "आईला ठावं असतं. मला न्हाई आठवत."

मग तिला रडू आलं. इतक्या दिवसांत नीट रडली नव्हती. मी उठलो नाही, नुसता तिचा हात धरून बसलो. जरा वेळाने पदराने नाक पुसत तिने विचारलं, धूळ असली तर? मी म्हणालो, असेलही. आपल्याला माहीत नाही. आणि कुठून आला ते कळल्याशिवाय तुझा भाऊ ठिपक्याला हात लावू देत नसे.

"मंग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

बाकीचं काम उरकलं. प्रिंटवर एनलार्जरच्या धुळीचे पांढरे ठिपके होते, ते काढले. कपाळावर घडीची एक रेघ पडली होती, ती बुजवली. मागच्या पडद्याला हात लावला नाही, आभाळ आणलं नाही. परवा सकाळी हा फोटो डिंगोऱ्याला जाईल, नंतर तुझ्या आईवडलांच्या शेजारी लागेल. येणारे-जाणारे बघतील. कुणी म्हणेल, इतक्या वर्षांचा फोटोग्राफर, मेव्हण्याच्या तोंडावरचा एवढा डाग दिसला नाही का? म्हणू देत.

तुझा असेल तर तो तुझ्यापाशी राहिला. आणि माझ्या कॅमेऱ्यातली धूळ असेल, तर कळंबचं तेवढंच तुझ्याबरोबर राहील. कबूल मात्र मी अजून झालेलो नाही.